अल्पखर्ची भयपट चित्रपटगृहात पाहणे: एका तिकिटाने काही फरक पडतो का?

विचारणा: शेवटचीरांग

भयपटांची आवड मला शाळेच्या वयापासून आहे. त्यातही ज्यांत नावाजलेला नट नाही, मोठी जाहिरात नाही आणि जे चार-पाच माणसे व एक घर एवढ्याच सामग्रीवर उभे राहिले आहेत, असे भयपट मला अधिक जवळचे वाटतात. तरीही गेल्या काही वर्षांत असे चित्रपट मी बहुतेक घरीच पाहिले, हे मान्य करायला हवे. गेल्या महिन्यात असाच एक भयपट पडद्यावर लागला होता. दिवसाला एकच खेळ होता, तोही रात्री उशिराचा. पहिल्या आठवड्यात सवड झाली नाही म्हणून मी दुसऱ्या आठवड्यात जायचे ठरवले, आणि दुसरा आठवडा त्या चित्रपटाच्या वाट्याला आलाच नाही. ओळखीच्या सहा जणांपाशी मी हळहळ व्यक्त केली, तेव्हा त्यांतले चौघे म्हणाले की आपणही दुसऱ्याच आठवड्यात जाणार होतो. ते ऐकल्यापासून ही गोष्ट मनातून जात नाही.

ज्या चित्रपटाला मुळातच मोजके खेळ मिळतात, त्याच्या बाबतीत एका प्रेक्षकाच्या तिकिटाने प्रत्यक्षात काय बदलते? ते तिकीट केव्हा काढले यानेही फरक पडतो का? तिकिटाचे पैसे चित्रपट करणाऱ्यांपर्यंत पोहोचतात का? आणखी एक प्रश्न आहे, जो विचारताना थोडा संकोच वाटतो. चित्रपट फसलेला निघाला, तरी केवळ तो छोटा आहे म्हणून त्याची भलामण करावी का? ज्यांनी चित्रपटगृहात, वितरणात किंवा निर्मितीत काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद: खेळपत्रक

मी अकरा वर्षे एका चित्रपटगृहात आठवड्याचे खेळ लावण्याचे काम केले, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला आतून ठाऊक आहेत.

पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक पहिल्या शनिवार-रविवारचे आकडे हाती आल्याबरोबर, म्हणजे साधारणपणे सोमवारी, ठरते. त्या वेळी चित्रपट चांगला आहे की वाईट, हा विचार जवळजवळ होतच नाही. प्रत्येक खेळाला किती आसने भरली एवढेच समोर असते. मोठ्या चित्रपटाचे दिवसाला वीस खेळ असतील आणि त्यांतले पाच रिकामे गेले, तरी ते पाच कमी करून पंधरा ठेवता येतात. ज्याचा दिवसाला एकच खेळ आहे, त्याचा एक खेळ कमी केला की चित्रपट उतरतो. म्हणजे अशा चित्रपटाची परीक्षा तीन रात्रींत आटोपते, आणि त्या तीन रात्रींत दीडशे आसनांच्या दालनात नऊ माणसे बसली की चोवीस, यावर पुढचा आठवडा अवलंबून असतो. नऊ आणि चोवीस यांतला फरक पंधरा तिकिटांचा आहे. आपण ज्या पाच जणांविषयी लिहिले आहे (आपल्यालाही धरून), ते पहिल्या शनिवारी आले असते तर त्या एका रात्रीपुरते पारडे नक्कीच हलले असते.

केव्हा काढावे, याविषयी माझे मत ठाम आहे. शक्य असेल तर आगाऊ काढावे. आगाऊ आरक्षणाचे आकडे आम्हाला प्रदर्शनापूर्वीच दिसत असत आणि त्यावरून काही वेळा रात्री साडेदहाचा खेळ साडेआठला सरकवला जाई. या दोन तासांनी जो फरक पडतो तो फार मोठा असतो, कारण उशिराच्या खेळाला ज्यांना परतायचे वाहन मिळत नाही, ज्यांना सकाळी कामावर जायचे आहे, ज्यांना एकट्याने यायची भीती वाटते, ते सगळे प्रेक्षक आपोआप वगळले जातात. भयपट रात्रीच चालतात, असा एक जुना समज आमच्या व्यवसायात आहे. मीही तो अनेक वर्षे बाळगला. दुपारच्या खेळाला तोच चित्रपट भरलेला पाहिल्यावर तो सोडून दिला.

वितरणाच्या बऱ्याच करारांमध्ये पहिल्या आठवड्यात तिकिटाच्या रकमेतला मोठा वाटा वितरकाकडे जातो आणि पुढच्या आठवड्यांत चित्रपटगृहाचा वाटा वाढत जातो. म्हणून तग धरणारा चित्रपट चित्रपटगृहालाही हवा असतो. अडचण एवढीच, की तग धरेल की नाही हे दिसण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. २०२२ मधला ‘टेरिफायर २’ याचे चांगले उदाहरण आहे. सुमारे अडीच लाख डॉलरांत, बहुतांशी चाहत्यांच्या वर्गणीतून झालेला, १३८ मिनिटांचा, कुठलेही वयोगटाचे प्रमाणपत्र न घेता प्रदर्शित झालेला हा चित्रपट अमेरिकेत थोड्या दिवसांसाठीच लागणार होता. दुसऱ्या शनिवार-रविवारी त्याची कमाई पहिल्यापेक्षा वाढली, आणि तसे भयपटांत क्वचितच घडते. एकट्या अमेरिकेत त्याने एक कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला. पहिल्या आठवड्यात जे आले त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि त्यांचे बोलणे इतरांपर्यंत पोहोचेपर्यंत चित्रपट पडद्यावर टिकून होता, एवढेच त्यामागचे कारण मला दिसते.

प्रतिसाद: मंद्रसप्तक

मी चित्रपटांचे ध्वनिसंयोजन करते आणि माझे निम्मे काम छोट्या भयपटांवरच झाले आहे. विचारणेत न आलेला एक मुद्दा मांडते. चित्रपटगृहात जाणे ही या चित्रपटांना केलेली मदत आहेच, पण प्रेक्षकाला त्यातून जे मिळते ते घरी मिळत नाही, आणि जितका खर्च कमी तितके हे अधिक खरे ठरते.

ज्याच्याकडे राक्षस दाखवायला पैसे नाहीत, तो राक्षस ऐकवतो. १९४२ साली व्हॅल ल्युटन या निर्मात्याला आरकेओ या कंपनीने भयपट करायला बसवले, तेव्हा प्रत्येक चित्रपट दीड लाख डॉलरांच्या आणि सव्वा तासाच्या आत उरकायचा, अशी अट होती. त्याच्या पहिल्या चित्रपटात, ‘कॅट पीपल’मध्ये, दुसऱ्याच एका मोठ्या चित्रपटासाठी उभारलेला जिना पुन्हा वापरला आहे. त्यातल्या प्रसिद्ध प्रसंगात एक स्त्री रात्री निर्जन रस्त्याने चालत असते आणि मागून दुसऱ्या स्त्रीच्या पावलांचा आवाज येत असतो. मग तो आवाज थांबतो. पडद्यावर काहीही घडत नाही, आणि नेमक्या त्या वेळी बस थांबल्याचा फुत्कार कानावर आदळतो. घरी, खिडकीबाहेरच्या रहदारीत, ती थांबलेली पावले ऐकूच येत नाहीत. मग तो फुत्कार कशाला उत्तर देतो तेही कळत नाही आणि पाहणारा म्हणतो की जुना चित्रपट आहे, भीती वाटत नाही.

जॉन कार्पेंटर यांनी ‘हॅलोवीन’ (१९७८) सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत केला. संगीताशिवायची प्रत पाहून एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना जराही भीती वाटली नाही, ही हकीकत कार्पेंटर यांनी स्वतः सांगितली आहे. त्यानंतर त्यांनी पाच मात्रांच्या त्या ओळखीच्या धूनसह सगळे संगीत तीन दिवसांत बसवले. तोच चित्रपट, तीच दृश्ये, आणि परिणाम मात्र पार निराळा. मी शिकत असताना ही गोष्ट ऐकली आणि ध्वनीच्या वाटेला लागले.

आता एक तक्रार. आम्ही ध्वनी मिसळताना चित्रपटगृहातली आवाजाची प्रमाण पातळी गृहीत धरतो, म्हणजे ध्वनियंत्रावरचा ७ हा आकडा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी, जाहिरातींच्या गोंगाटाविषयी तक्रारी येतात म्हणून, तो ५ वर किंवा त्याहून खाली ठेवलेला असतो आणि मुख्य चित्रपट सुरू झाल्यावरही कोणी वाढवत नाही. एका छोट्या भयपटाच्या पहिल्या खेळाला मी स्वतः बसले होते. ज्या शांततेवर आम्ही तीन आठवडे घालवले होते तिच्यात शेजारच्या दालनातली गाणी ऐकू येत होती. प्रतिमेचेही तसेच आहे. त्रिमितीय चित्रपटासाठीची काच प्रक्षेपकापुढून काढायची राहिली, तर अंधारातली दृश्ये नुसती काळी दिसतात. मोठ्या चित्रपटाची तक्रार निर्मात्याची माणसे करतात, छोट्या चित्रपटाची करायला कोणीच नसते. म्हणून आवाज दबलेला किंवा चित्र मंद वाटले तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन कर्मचाऱ्यांना सौम्यपणे सांगावे. माझ्या दृष्टीने हे दुसरे तिकीट काढण्याइतकेच मोलाचे आहे.

प्रतिसाद: दुसरीबाजू

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण पैशाच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून थोडे कटू लिहितो.

तिकिटाच्या रकमेतून आधी कर जातो, मग चित्रपटगृहाचा वाटा, मग वितरकाची दलाली, त्यानंतर जाहिरातीचा आणि प्रतींचा खर्च वितरक वळता करून घेतो. त्यातून काही उरले तर गुंतवणूकदारांची पाळी येते आणि लेखक, दिग्दर्शक, नट हे बहुधा त्यांच्याही नंतर उभे असतात. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत झाला. वितरकाने ऐनवेळी त्याचे नाव बदलले आणि नव्या शीर्षकाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात तेवढ्याने हक्क गेला. जगभर लोकांनी तो चित्रपट पाहिला, कोणीही त्याच्या प्रती काढून विकल्या, आणि ज्यांनी तो केला त्यांना त्या मानाने फारच थोडे मिळाले. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. पडद्यावर दिसणाऱ्या आणि बरेचसे चित्रीकरणही स्वतःच करणाऱ्या त्याच्या तीन कलाकारांना २०२४ मध्येही आपल्या मोबदल्यासाठी जाहीर पत्र लिहावे लागले.

तेव्हा तिकीट काढल्याने आपले पैसे थेट त्या धडपड्या दिग्दर्शकाच्या खिशात जातील, या समजुतीत राहू नये. तिकिटातून त्याला मिळते ती नोंद. अमुक चित्रपटाला इतकी माणसे आली, हे कागदावर येते. घरबसल्या पाहण्याचे हक्क आणि परदेशातले हक्क विकताना त्या नोंदीवर भाव ठरतो, आणि पुढच्या चित्रपटासाठी पैसे मागायला जाताना हातात दाखवण्यासारखे तेवढेच असते. माझ्या मते एवढे कारण तिकीट काढायला पुरेसे आहे, फक्त ते नीट समजून काढावे.

शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मत ठाम आहे: खोटी भलामण करू नये. छोट्या भयपटाला जाणारा प्रेक्षक हा मुळातच ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जातो. जाहिरात त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. आपण फसलेल्या चित्रपटाला उत्तम म्हटले आणि तो जाऊन कंटाळला, तर पुढच्या वेळी खरोखर चांगल्या चित्रपटाविषयी आपण कितीही कळकळीने सांगितले तरी तो उठणार नाही, आणि त्याची किंमत दुसराच कोणी दिग्दर्शक मोजेल. त्याऐवजी नेमके लिहावे. पहिला अर्धा तास संथ आहे, अभिनय कच्चा आहे, पण तळघरातला प्रसंग पाहण्यासारखा आहे, रक्तपात फार आहे, लहान मुलांना नेऊ नये, असे लिहिले की ज्याला जायचे तो जातो आणि ज्याला सोसणार नाही तो टाळतो.

प्रतिसाद: तळघर

पहिल्या अर्ध्या तासाचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१७ च्या ‘वन कट ऑफ द डेड’ या जपानी चित्रपटाची पहिली ३७ मिनिटे एकाच अखंड चित्रणात घेतलेली आहेत आणि पहिल्यांदा पाहताना ती अगदी हौशी वाटतात. नट मध्येच थबकतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, संवाद उगाच लांबतात. पुढे काय होते ते मी सांगणार नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही. मी तो भरलेल्या दालनात पाहिला. त्या ३७ मिनिटांत माझ्या पुढच्या रांगेतले दोघे उठायच्या बेतात होते, पण रांगेच्या मधोमध बसले असल्याने उठले नाहीत. नंतरच्या तासाभरात तेच दोघे सर्वांत मोठ्याने हसत होते आणि शेवटी त्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. घरी त्यांनी तो चित्रपट विसाव्या मिनिटाला बंद केला असता. अल्पखर्ची चित्रपटाला पहिल्या वीस मिनिटांत डोळे दिपवता येत नाहीत, त्याला थोडा वेळ उसना लागतो, आणि दालनाचे दार बंद झाल्यावर प्रेक्षक तो आपसूक देतो. केवळ ३० लाख येनमध्ये, अभिनयाच्या कार्यशाळेतल्या अपरिचित नटांना घेऊन केलेला हा चित्रपट २०१८ मध्ये टोकियोतल्या दोन लहान चित्रपटगृहांत लागला आणि पाहणाऱ्यांच्या बोलण्यातून पसरत शेकडो पडद्यांवर गेला. त्याची कमाई ३०० कोटी येनच्या पुढे गेली.

आम्ही आठ-दहा जण काय करतो तेही सांगते. महिन्याला एक छोटा भयपट निवडून त्याच्या पहिल्याच शनिवारी एकत्र जातो आणि शक्यतो प्रत्येकाने भयपट सहसा न पाहणाऱ्या एका माणसाला आणावे, असा संकेत ठेवला आहे. एखादा चित्रपट जवळ लागलाच नसेल, तर चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला लेखी विचारतो की अमुक दिवशी एक खेळ लावल्यास आम्ही तीस आसने आधीच घेऊ. चारदा विचारले त्यात दोनदा होकार आला. मागणी नोंदवण्याचा उपयोग मोठ्या प्रमाणावरही झालेला आहे. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा चित्रपट दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात आठवडाभरात, सुमारे १५ हजार डॉलरांत चित्रित केला होता. २००९ मध्ये तो आधी मोजक्या गावांत मध्यरात्रीच्या खेळांना लागला आणि प्रेक्षकांनी आपल्या गावासाठी मागणी नोंदवावी, असे आवाहन केले गेले. मागण्यांचा आकडा दहा लाखांवर गेल्यावर तो देशभर लागला. त्यामागे मोठ्या स्टुडिओची आखणी होती हे खरे, परंतु मागणी करणारी माणसे खरीच होती.

प्रतिसाद: दूरचाप्रेक्षक

ज्यांच्यापासून सर्वांत जवळचे चित्रपटगृह दीड-दोन तासांवर आहे, किंवा ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी काय करावे? मी दुसऱ्या गटातला आहे. वर्षातून दोनदाच पडदा पाहायला मिळतो, त्यामुळे असे धागे वाचताना आपण काही चुकत आहोत असे वाटत राहते.

दुसरे असे की, चोरून पसरलेल्या प्रतीनेही एखादा चित्रपट उभा राहतो, हे कोणी लिहिलेले नाही. कॅनडातला ‘स्किनामारिंक’ १५ हजार डॉलरांत दिग्दर्शकाच्या बालपणीच्या घरात चित्रित झाला. एका ऑनलाइन महोत्सवातून त्याची प्रत फुटली, लोकांनी तिचे तुकडे एकमेकांना पाठवले आणि त्या बोलबाल्यानंतर २०२३ च्या जानेवारीत तो अमेरिकेत जवळपास ७०० चित्रपटगृहांत लागला.

प्रतिसाद: मंद्रसप्तक

दूरचाप्रेक्षक, आपले काहीही चुकत नाही. घरी पैसे देऊन रीतसर पाहणे हाही आधारच आहे. तसे पाहताना दिवे मालवून, कानाला चांगला हेडफोन लावून, मध्ये न थांबता पाहावे, एवढेच मी सुचवीन.

फुटलेल्या प्रतीबद्दल मात्र मी सहमत नाही. ‘स्किनामारिंक’चे पुढे चांगले झाले म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. त्याच तऱ्हेने फुटलेल्या आणि मग एकाही वितरकाने न घेतलेल्या दोन चित्रपटांवर मी काम केले आहे. त्यांची नावे इथे कोणालाच माहीत नसतील. शिवाय तो चित्रपट बहुतांशी अंधाऱ्या कोपऱ्यांचा आणि पुसट कुजबुजीचा आहे. दिग्दर्शकाने जो अंधार योजला होता तो भ्रमणध्वनीच्या चकाकत्या पडद्यावर पाहणाऱ्यांना दिसलाच नसणार, आणि त्यांतल्या अनेकांनी ‘यात काहीच नाही’ असा शेरा मारला त्याचे मला नवल वाटत नाही.

प्रतिसाद: खेळपत्रक

एक भर घालतो. चित्रपट उतरला म्हणजे सगळे संपले असे नेहमीच होत नाही. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद होता. घरी पाहिलेल्यांनी सहा वर्षे त्याच्याविषयी बोलणे चालू ठेवले आणि २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई झाली. तो अगदी चार माणसांच्या जिवावर केलेला चित्रपट नव्हे, परंतु दूर राहणाऱ्या प्रेक्षकाच्या बोलण्यालाही वजन असते, हे त्यावरून दिसते. पुन्हा लावायचे की नाही, हे ठरवताना व्यवस्थापक अशीच कुजबुज ऐकत असतात.

शेवटचीरांग

सर्वांचे मनापासून आभार. विचारणा टाकून दोन आठवडे झाले, मधल्या काळात जे घडले ते लिहितो.

गेल्या बुधवारी एका छोट्या भयपटाचे आगाऊ आरक्षण सुरू झाले, तेव्हा मी लगेच दोन तिकिटे घेतली आणि आधीच्या हळहळणाऱ्या चौघांनाही कळवले. तिघे आले. माझ्या दुसऱ्या तिकिटावर धाकटी बहीण आली, जी एरवी या वाटेला जात नाही. खेळ रात्री सव्वादहाचा होता. चित्रपट सुरू झाल्यावर आवाज दबलेला वाटला म्हणून, मंद्रसप्तक यांनी सांगितले होते तसे, मी बाहेर जाऊन सांगितले. कर्मचाऱ्याने आढेवेढे न घेता तो वाढवला. तोपर्यंत वाऱ्याची वाटणारी घरघर कोणाच्या तरी श्वासाची होती, हे तेव्हा कळले आणि बहिणीने माझे मनगट धरले ते शेवटपर्यंत सोडले नाही.

चित्रपटाचा शेवट फसला आहे. मधली चाळीस मिनिटे मात्र विलक्षण आहेत, आणि दोन्ही गोष्टी मी त्या चित्रपटाविषयी लिहिताना जशाच्या तशा लिहिल्या. दालनात आम्ही एकोणीस जण होतो. काल सोमवारी वेळापत्रक पाहिले, तो अजून आहे, खेळ रात्री साडेआठचा झाला आहे. जो चौथा मित्र आला नव्हता त्याने आणि मी शनिवारची तिकिटे काढली आहेत.